मायक्रोआरएनएचा रिपोर्ट पाहून केमो सोडू नका

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांत एक मेसेज फिरतो आहे : 'नोबेल मिळालेल्या मायक्रोआरएनए चाचणीने रक्ताच्या थेंबातून आधीच कळतं, केमो लागू पडणार की नाही. डॉक्टर हे सांगत नाहीत. रिपोर्ट वाईट आला तर केमो घेऊच नका.' शेवटचं वाक्य जिवावर बेतणारं आहे, म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

'नोबेल मिळालेली चाचणी.' मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतल्या जनुकांचं काम आटोक्यात ठेवणारे छोटे रेणू. २०२४चं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकून यांना मायक्रोआरएनएच्या शोधाबद्दल मिळालं. तो १९९३मध्ये एका इवल्याशा कृमीत लागला. कर्करोगाच्या कोणत्याही चाचणीशी त्या पुरस्काराचा संबंध नाही.

'केमो लागू पडणार की नाही ते कळतं.' या दाव्याचं मूळ बहुधा मिर-२१ या मायक्रोआरएनएत आहे. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या ८४ आणि हाँगकाँगच्या ११३ रुग्णांचा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीत मिर-२१ जास्त, ते कमी जगले. केमो घेतलेल्यांतही तेच दिसलं. अभ्यास चांगला होता. पण केमो मिळाली नसती तर हेच रुग्ण आणखी लवकर गेले असते का, हे त्यावरून कळत नाही. ते कळायला केमो घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट हवेत, आणि कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं हवं. आजार आक्रमक आहे हे सांगणं एक, औषधाचा उपयोग होणार नाही हे सांगणं दुसरं. आक्रमक आजारात तर केमोची गरज जास्तच असू शकते. मेसेज नेमका उलटा सल्ला देतो, याचा मला संताप येतो.

या बाबतीत मिर-३१-३पी या दुसऱ्या मायक्रोआरएनएचा पुरावा जास्त भक्कम आहे. फायर-३ या जर्मन औषध-चाचणीतल्या रुग्णांच्या गाठी नंतर तपासल्या, तेव्हा तो कमी असलेल्यांना सेटुक्सिमॅब या कर्करोगावरच्या औषधाचा फायदा जास्त दिसला. तरी तो निष्कर्ष एका विशिष्ट औषधापुरता आहे, सरसकट केमोबद्दल नाही.

'रक्ताच्या थेंबातून.' वरचे दोन्ही निष्कर्ष गाठीच्या ऊतीवरचे आहेत. रक्तात मोजताना वेगळीच पंचाईत होते. मिर-१६ आणि मिर-४५१ तांबड्या पेशींत भरपूर असतात. नमुना घेताना किंवा नेताना थोड्या पेशी फुटल्या तरी आकडे फुगतात. मिर-२१ इतर अनेक कर्करोगांत आणि सुजेतही वाढतो. ऊतीतही फसगत होतेच : मिर-१४३ आणि १४५ आतड्याच्या कर्करोगात घटतात असं २००३पासून मानलं जात होतं, पण ते मुळात आधार देणाऱ्या ऊतीतल्या पेशींत असतात हे २०१४मध्ये दाखवलं गेलं. गाठीच्या नमुन्यात त्या पेशी कमी आल्या की रेणूही कमी दिसणारच.

'डॉक्टर सांगत नाहीत.' उपचार ठरवायला उपयोगी पडणाऱ्या तपासण्या बायोप्सीच्या ब्लॉकवर (जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावर) होतात, आणि त्यांबद्दल जरूर विचारा. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएमआर प्रथिनं तपासली का? आजार पसरला असेल तर केरास, एनरास, बीरॅफ ही जनुकं पाहिली का? एमएमआर सदोष निघालं तर पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या उपचाराचा) मोठा फायदा होऊ शकतो. केरास किंवा एनरासमध्ये बदल असेल तर सेटुक्सिमॅब देत नाहीत.

आणि शस्त्रक्रियेनंतर केमो सांगितली असेल, तर ती साधारण ८ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी. मायक्रोआरएनएच्या रिपोर्टची वाट पाहत ते आठवडे घालवू नका.