मित्रांबरोबरच्या सहलीला पोरकटपणा म्हणू नका

"आता काय लहान राहिलात का?" मित्रांबरोबर कोकणात फिरायला निघालेल्या पस्तिशीतल्या पुरुषाला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. घरात, ऑफिसात, सासुरवाडीला. त्याचं उत्तर मला नीट द्यायचं आहे. कारण नोकरी, हप्ते, आईवडिलांची आजारपणं, मुलांच्या शाळा हे सगळं एकदम अंगावर येतं, नेमक्या त्याच वयात आपण माणसाकडून त्याचे मित्र काढून घेतो.

आमचा ग्रुप रत्नागिरीच्या कॉलेजातला. शिक्षण संपलं आणि कोकणातल्या पोरांचं जे होतं तेच आमचं झालं. दोघं मुंबईला, एक पुण्याला, एक चिपळूणला, मी इथेच. पांगण्याआधी आम्ही रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने बाइकवर गेलो होतो. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना माहीत आहे, मध्ये खाड्या आडव्या येतात. आगरदांड्याहून दिघीला जाताना राजपुरीची खाडी, बागमांडल्याहून वेश्वीला जाताना सावित्री, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी, तवसाळहून जयगडला शास्त्री. दर ठिकाणी गाड्या जेटीवर लावायच्या आणि फेरीबोटीची वाट बघायची. दाभोळची शेवटची बोट गेली की चिपळूणवरून वळसा.

त्या वयात साहस म्हणजे वेग आणि पाणी. हेदवीच्या बामणघळीत भरतीच्या वेळी समुद्र खडकातल्या अरुंद भेगेत घुसतो आणि पाणी उंच उसळतं. वीस वर्षांच्या पोराला तिथे सगळ्यांच्या पुढे जाऊन उभं राहावंसं वाटणारच. आमच्यातला एक निघालाच होता. चिपळूणच्या मित्राने त्याला शर्टाला धरून मागे खेचलं आणि चार लोकांदेखत शिवी हासडली. त्या सहलीत पुढचे सगळे दिवस हा चिपळूणवालाच 'घाबरट' म्हणून ओळखला गेला. आज आमच्यापैकी कुणावरही काही प्रसंग आला की पहिला फोन त्यालाच जातो.

दर सीझनला कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याची बातमी येते, आणि त्यात तरुण मुलांचे ग्रुप असतात. मला त्या बातम्या वाचवत नाहीत. ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल संध्याकाळी जिथे मजेत डुंबलात तिथे आज त्याच वेळी पाणी वेगळं वागणार. किनाऱ्यावरच्या शाळकरी पोरालाही हे कळतं. मालवणला एका म्हाताऱ्या मच्छीमाराने आम्हाला लांबूनच ओरडून सांगितलं होतं, "पाणी ओढता हा, आत जाव नकात!" अशा वेळी "चला रे, बाहेर या" म्हणणारा एक तरी ग्रुपमध्ये असायला हवा, आणि बाकीच्यांनी त्याची टर उडवायची नाही. पुरुष होणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही भाषणापेक्षा त्या शर्टाला धरलेल्या हाताने जास्त शिकवलं.

आमच्या वडिलांच्या पिढीला अशा सहलींची गरज पडली नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे, कारण गावाने त्यांची सोय आधीच करून ठेवली होती. शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची, खेळे म्हणजे सोंगं-नाचगाण्याचा ताफा घेऊन रात्र रात्र वाड्या पालथ्या घालायच्या, गणपतीत जाखडी नाचाला फेर धरायचा, किनाऱ्यावर रापण म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं ओढायला सगळ्यांनी मिळून दोराला हात लावायचा. बापये एकत्र यायचे ते काहीतरी काम घेऊन, आणि त्या कामाच्या आडोशाने एकमेकांचं बरंवाईट कळायचं. "तुला काय त्रास होतोय?" असं तोंडावर कुणी विचारत नव्हतं. खांदा बदलताना समजायचं. आता आम्ही चाकरमानी झालो. शिमग्याला रजा मिळाली तर मिळाली. मग एकत्र यायला आमच्याजवळ बाइक आणि रस्ता एवढंच उरतं.

आणि रस्त्यावर बोलणं होतं. हे मी अनुभवाने सांगतो. पुण्याच्या मित्राची नोकरी गेली होती. कित्येक महिने त्याने ग्रुपवर त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, उलट रोज सकाळी सुप्रभात टाकत होता. एका सहलीत कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळात खोदलेला तो भला मोठा हत्ती बघून आम्ही निघालो, तो माझ्या मागे बसला होता, आणि वाऱ्यात ओरडल्यासारखा म्हणाला, "घरी अजून सांगितलं नाहीये रे." मी आरशात बघितलंही नाही. गाडीचा वेग कमी केला आणि त्याला बोलू दिलं. पुढे आडिवऱ्याला चहाला थांबलो तेव्हा बाकीच्यांनाही त्याने स्वतःच सांगितलं. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो असतो तर हे त्याच्या तोंडून निघालं नसतं, याची मला खात्री आहे. बायकोला त्याने त्याच रात्री फोन केला.

हा वेळ मागताना एक गोष्ट पुरुषांनी आधी मान्य करायला हवी. तुम्ही चार दिवस निघता तेव्हा घर कुणीतरी सांभाळत असतं. तिच्याही मैत्रिणी आहेत, त्याही लग्नानंतर पांगल्यात, आणि आपल्याकडे बाईची मैत्री तर लग्नाच्या मांडवातच संपली असं धरून चालतात. ती निघाली की मुलांचे डबे, आईच्या गोळ्या, पाण्याचा पंप हे तुमच्याकडे. "सांभाळतो थोडे दिवस" असा उपकाराचा सूर नको. ज्याला हे जमत नाही, त्याने स्वतःच्या सहलीचा हट्ट धरू नये, असं माझं ठाम मत आहे.

या डिसेंबरला आम्ही पुन्हा निघतोय. जयगडहून खाली विजयदुर्गापर्यंतच. सगळा किनारा एका दमात करायची आता कुणालाच घाई नाही. एकाची कंबर धरते म्हणून दोन बाइक आणि एक कार. एकाच्या वडिलांचं डायलिसिस चालू आहे, म्हणून रत्नागिरीपासून फार लांब जायचं नाही आणि मुक्काम रेंज असलेल्या गावातच करायचा. रजेचे अर्ज टाकून झालेत. भरती-ओहोटीच्या वेळा चिपळूणवाला काढून ठेवणार आहे.

तुमचा कॉलेजचा ग्रुप अजून एकत्र निघत असेल तर कसं जमवता ते कमेंटमध्ये लिहा. आणि जमत नसेल, तर कुठे अडतंय तेही लिहा.