‘लोकल डिस्क’ दिसली म्हणून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका

गेल्या महिन्यात एक काकू दुकानात आल्या. हातात ६४ जीबीचा पेनड्राइव्ह. मुलीच्या लग्नाचे फोटो त्यातच होते, दुसरीकडे कुठेही नाहीत. म्हणाल्या, “दादा, मेसेजमध्ये लिहिलं होतं तसं फॉरमॅट मारलं, आता काहीच दिसत नाही.” नशीब की क्विक फॉरमॅट होतं, म्हणजे यादी पुसली जाते, आतला डेटा बहुतेक तसाच राहतो. दोन दिवस बसून बहुतेक फोटो परत मिळाले, पण फोल्डर गेले, फाइलींची नावं गेली, आणि मोठे व्हिडिओ तुटले ते तुटलेच.

तो मेसेज त्यांनी मला दाखवला. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या. पेनड्राइव्ह लावल्यावर ‘रिमूव्हेबल डिस्क’ऐवजी ‘लोकल डिस्क’ दिसली तर त्यात व्हायरस शिरला आहे. व्हायरस नसेल तर माल डुप्लिकेट आहे. लगेच फॉरमॅट करा, सगळं पूर्ववत होईल. आणि अशा पेनड्राइव्हवरून विंडोज टाकता येत नाही, म्हणून तो बदलून घ्या. या चारही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि तिसरी तर नुकसान करणारी आहे.

आधी व्हायरसचं बघू, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. हे ‘लोकल’ आणि ‘रिमूव्हेबल’ येतं कुठून? पेनड्राइव्ह लावला की संगणक त्याला सुरुवातीलाच विचारतो, तू कोण? या विचारणेला ‘इन्क्वायरी’ म्हणतात. उत्तर साधारण ३६ बाइटचं असतं. त्यात ८ बाइट कंपनीच्या नावाला, १६ बाइट मॉडेलला, ४ बाइट आवृत्तीला. आणि दुसऱ्या बाइटमधला सगळ्यात वरचा एक बिट, त्याचं नाव रिमूव्हेबल मीडिया बिट. तो १ असला की विंडोज म्हणतं रिमूव्हेबल, ० असला की फिक्स्ड, म्हणजेच आपली ‘लोकल डिस्क’. सगळा फरक या एका बिटाचा आहे. लिनक्स वापरत असाल तर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्या, ‘आरएम’ नावाच्या रकान्यात हाच १ किंवा ० दिसेल.

हा बिट पेनड्राइव्हसाठी बनलेलाच नाही. तो फ्लॉपी, सीडी, झिप डिस्क यांच्या काळातला आहे. तेव्हा प्रश्न असा होता, की ड्राइव्ह जागेवर राहून त्यातली चकती बाहेर निघते का? आजही कार्ड रीडर लावून बघा. कार्ड काढलं तरी ड्राइव्हचं अक्षर राहू शकतं, आणि त्यावर क्लिक केलं की विंडोज ‘डिस्क घाला’ म्हणतं. माध्यम वेगळं, ड्राइव्ह वेगळा. पेनड्राइव्हमध्ये मेमरीची चिप पट्टीवर झाळलेली असते, ती काढून दुसरी घालता येत नाही. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर ‘फिक्स्ड’ हेच उत्तर जास्त खरं. २००० साली आयबीएमच्या नावाने ८ एमबीचा डिस्कऑनकी बाजारात आला तेव्हापासून लोकांनी पेनड्राइव्ह वापरला तो फ्लॉपीच्या जागी, आणि बहुतेक कंपन्या हा बिट १ ठेवत आल्या. आपल्या डोळ्यांना तेच सवयीचं झालं आहे.

मग ० असलेले पेनड्राइव्ह बाजारात का आहेत? कारण काही कंपन्यांनी ते मुद्दाम तसे बनवले. विंडोज ८ सोबत २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज टू गो’ आणलं. अख्खं विंडोज पेनड्राइव्हवर घेऊन फिरायचं, कुठल्याही संगणकाला लावून चालू करायचं. त्यासाठीचे प्रमाणित ड्राइव्ह फिक्स्ड म्हणून दिसणं आवश्यक होतं. त्याच सुमारास सॅनडिस्कने विंडोज ८ च्या प्रमाणपत्रासाठी काही पेनड्राइव्ह फिक्स्ड म्हणून बनवले आणि पुढे ते बंद करून पुन्हा रिमूव्हेबलकडे वळली. ‘विंडोज टू गो’ही २०२० मध्ये विंडोज १० मधून काढलं गेलं. पण तेव्हाचे पेनड्राइव्ह अजून लोकांच्या कपाटात आहेत आणि चालतातही. शिवाय आता पेनड्राइव्हच्या आकारात खरी एसएसडी मिळते, तीही फिक्स्ड दिसते. तुमची यूएसबीची बाहेरची हार्ड डिस्क तर पहिल्यापासून फिक्स्डच दिसते. तिला कोणी व्हायरस लागला म्हणत नाही.

व्हायरस असतात, नाही असं मी म्हणत नाही. ज्यांनी सायबर कॅफेत प्रोजेक्टच्या प्रिंट काढल्या आहेत त्यांना शॉर्टकट व्हायरस चांगला आठवत असेल: फोल्डर गायब, जागेवर त्याच नावाचे शॉर्टकट. ते सगळं फाइलींच्या पातळीवर चालतं, या बिटाला तो व्हायरस हातही लावत नाही. पेनड्राइव्हच्या आतला कंट्रोलर, म्हणजे तो चालवणारी चिप, तिचं सॉफ्टवेअरच बदलता येतं हेही खरं आहे. कार्स्टन नोल आणि याकोब लेल या सुरक्षा संशोधकांनी २०१४ मध्ये ‘बॅडयूएसबी’ या नावाने ते दाखवून दिलं. पण त्यात धोका हा, की पेनड्राइव्ह स्वतःला कीबोर्ड म्हणवून आज्ञा टाइप करू लागतो. ‘लोकल डिस्क’ या दोन शब्दांवरून ते ओळखता येत नाही. संशय असेल तर ड्राइव्हवर राइट क्लिक करून अँटिव्हायरसने तपासा. नाव बघून निदान करू नका.

डुप्लिकेटचं म्हणाल तर माझ्याकडे आजवर जे बनावट पेनड्राइव्ह आले ते सगळे ‘रिमूव्हेबल’च दिसत होते. बनावट मालात खोटं असतं ते क्षमतेचं. आत ८ किंवा १६ जीबीची चिप, आणि कंट्रोलर सांगतो १ टीबी. फाइली कॉपी होतात, नावंही दिसतात, उघडायला गेलं की रिकाम्या. हे ओळखायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे. तो पेनड्राइव्ह काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून जुळवतो. वेळ खूप लागतो, पण उत्तर पक्कं मिळतं. नवा पेनड्राइव्ह रिकामा असतानाच हे करून घ्या.

आता फॉरमॅट. फॉरमॅट लिहिलं जातं मेमरीवर, आणि ‘तू कोण’ याचं उत्तर देतो कंट्रोलर, स्वतःच्या फर्मवेअरमधून, म्हणजे चिपमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून. फॉरमॅटचा प्रकार कोणताही निवडा, फॅट३२ करा, एक्सफॅट करा, एनटीएफएस करा, उत्तर तेच येणार. काकूंना पेनड्राइव्ह परत देताना मी त्यांच्यासमोर लावून दाखवला. फॉरमॅटनंतरही ‘लोकल डिस्क’च. ज्यासाठी फोटो गेले ते झालंच नव्हतं. बिट बदलायची कारखान्यातली सॉफ्टवेअर काही साइटवर फिरत असतात. प्रत्येक कंट्रोलरचं वेगळं असतं, चुकीचं चालवलं तर पेनड्राइव्ह कायमचा जातो आणि डेटाही पुसला जातो. त्या वाटेला जाऊ नका.

विंडोज टाकण्याबद्दल थोडक्यात. विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारं मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल असा पेनड्राइव्ह यादीत दाखवत नाही, तेवढ्यावरून ‘चालत नाही’ असा समज झाला असावा. त्याच कामाच्या रुफस या दुसऱ्या प्रोग्राममध्ये यूएसबी हार्ड ड्राइव्ह दाखवण्याची खूण करा, तो दिसेल. ती खूण एरवी बंद ठेवलेली असते, कारण चुकून बाहेरची हार्ड डिस्क निवडली तर ती अख्खी पुसली जाईल. म्हणून त्या वेळी बाकीच्या डिस्क काढून ठेवा.

या बिटामुळे खरंच जे बदलतं त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. रिमूव्हेबल पेनड्राइव्हवरची फाइल विंडोजमध्ये डिलीट केली की ती सरळ जाते. फिक्स्ड दिसणाऱ्या पेनड्राइव्हवर मात्र ती रिसायकल बिनमध्ये जाते, आणि तो बिन म्हणजे त्याच पेनड्राइव्हवरचा एक लपलेला फोल्डर. म्हणूनच लोक विचारतात, “सगळं डिलीट केलं तरी जागा का भरलेली?” ती तिथे अडकलेली असते. चुकून उडालेली फाइल परत मिळते, हा त्याचा फायदा. पण समजा आधार कार्डाचा स्कॅन डिलीट करून तुम्ही तोच पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे दिला. डिलीट केलेली फाइल त्या फोल्डरमध्ये नाव बदलून पडून असते, आतला मजकूर जसाच्या तसा. पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट असेल तर तिला कुठलीही परवानगी आडवी येत नाही, लिनक्सच्या संगणकावर ती सरळ उघडते.

तेव्हा ‘लोकल डिस्क’ दिसणारा पेनड्राइव्ह बाहेर देण्याआधी तो आपल्या संगणकाला लावलेला असतानाच रिसायकल बिन रिकामा करा, किंवा खाजगी कागद शिफ्ट दाबून डिलीट करा. काकूंच्या पेनड्राइव्हवर मी तो बिन उघडला असता तर त्यात काय होतं हे आता कळायला मार्ग नाही. फॉरमॅटमध्ये तोही गेला.