लोकेशन बंद करू? मग माझी हजेरी कोण लावणार?

फोनची बॅटरी टिकत नाही म्हटलं की सगळ्यांचे सल्ले ठरलेले: ब्राइटनेस कमी करा, लोकेशन बंद करा, ब्लूटूथ बंद करा, नेट नको तेव्हा बंद करा. राहिलं काय मग? फोनच बंद करून कपाटात ठेवते ना, चांगली आठवडाभर टिकेल बॅटरी! खोक्यावर ठळक अक्षरांत ५००० एमएएच, म्हणजे बॅटरीत किती चार्जिंग मावतं तो आकडा, छापून विकलेला फोन दुपारी डबा उघडेपर्यंत तीस टक्क्यांवर येतो, आणि वर मलाच ऐकवतात की तुमची वापरायची पद्धत चुकते.

कसली पद्धत? मी गेम खेळत नाही, सिरियल फोनवर बघत नाही. सकाळी शंभर टक्के करून निघते, नाशिकच्या निमाणी स्टँडवरून सातपूरची बस धरते. कंपनीत हजेरी फोनवर, आणि ते हजेरीचं अ‍ॅप लोकेशन चालू असल्याशिवाय उघडतच नाही. बँकेचा ओटीपी फोनवर, मुलाच्या शाळेचा निरोप फोनवर, कोपऱ्यावरच्या भाजीवालीचे वीस रुपयेसुद्धा फोनवर, कारण सुटे तिच्याकडे नाहीत आणि माझ्याकडेही नाहीत. सगळं जग आम्ही होऊन फोनवर नेलं का? नेलं तुम्ही. आता म्हणता फोन कमी वापरा.

आमचे धाकटे दीर या विषयातले स्वयंघोषित डॉक्टर. भेटले की आधी हात पुढे, "वहिनी, आणा इकडे फोन." मग रिसेंटमधली, म्हणजे नुकतीच उघडलेली, सगळी अ‍ॅपं सटासट वर ढकलून बंद करणार. अहो भाऊजी, मागे पडलेली अ‍ॅपं झोपवायचं काम अँड्रॉइड स्वतः करतं, २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून 'डोझ' म्हणून ती सोय आहे. रोजची अ‍ॅपं अशी मारून टाकली की प्रत्येक वेळी ती पहिल्यापासून उघडावी लागतात, आणि त्यातच जास्त चार्जिंग जातं. डार्क मोड, म्हणजे काळी स्क्रीन लावा, हा त्यांचा सल्लाही तसाच. ओएलईडी स्क्रीनवर काळा भाग खरंच विझलेला असतो, म्हणून तिथे फरक पडतो. माझा फोन स्वस्तातला, एलसीडीचा. त्याच्या मागचा दिवा स्क्रीन काळी असो की पांढरी, जळतच राहतो. पण ऐकतंय कोण! वर त्यांनी एक 'बॅटरी सेव्हर' अ‍ॅपही टाकून दिलं. त्यात दर दोन मिनिटांनी रमीची जाहिरात. चार्जिंग खाणाऱ्यांच्या यादीत दुसऱ्या दिवशी ते अ‍ॅपच वरच्या चारांत!

हो, ती यादी. सेटिंग्जमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी युसेज. हे एक पान सगळ्यांच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा कामाचं आहे, आणि नेमकं तेच कोणी सांगत नाही. मी उघडून बघितलं आणि डोकंच फिरलं. किराणा घरपोच आणणारं एक अ‍ॅप, जे मी दिवाळीनंतर उघडलंही नव्हतं, ते मागे बसून चरत होतं. त्याला अ‍ॅप इन्फोमध्ये जाऊन बॅटरीत 'रिस्ट्रिक्टेड' केलं, म्हणजे मागे चरायला बंदी, विषय संपला. पण त्याच्या वर कोण? फोन कंपनीने स्वतः घालून दिलेली अ‍ॅपं! लॉकस्क्रीनवर न मागता फोटो आणि बातम्या दाखवणारं एक, कंपनीचं स्वतःचं अ‍ॅपचं दुकान एक, थीमचं एक, आणि एक असं की त्याचं नाव वाचूनही ते काय करतं हे कळत नाही. अनइन्स्टॉलचं बटणच नाही. डिसेबल करायचं तेवढं आपल्या हाती, आणि तेही सगळ्यांना लागू नाही. म्हणजे घर मी घेतलं, हप्ते मी भरतेय, आणि बिल्डरचे पाहुणे हॉलमध्ये पंखा लावून बसलेत, त्यांना उठवायची मला परवानगी नाही. जी एक-दोन डिसेबल झाली ती पुढच्या अपडेटनंतर पुन्हा हजर. ब्राइटनेसचं पाप सगळ्यांना दिसतं, हे कोणाला दिसत नाही.

मग उन्हाळा. थंड हवेचं नाशिक म्हणून आपण मिरवायचो, आता एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. आणि मोठमोठ्या फोन कंपन्या माहितीपत्रकात काय लिहितात? ० ते ३५ अंशांत वापरा. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, हे खरंच आहे. मग आमच्याकडे विकता कशाला? मे महिन्यात फोन घेऊन आम्ही सगळ्यांनी महाबळेश्वरला जाऊन राहायचं का?

ठाण्याला माहेरी जाताना वेगळीच तऱ्हा. इगतपुरी सोडली की घाट, बोगदे, रेंज येते-जाते. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधत राहतो, जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो, आणि खिशातल्या खिशात तापतो. कसारा येईपर्यंत सरळ फ्लाइट मोडवर टाका. हा उपाय खरंच चालतो. तसंच ५जी नीट येत नसेल त्या भागात ४जीवर ठेवा. पण बघा, ५जीच्या नावाने फोन महाग विकला, आता तेच बंद ठेवायचं. स्क्रीनचं १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणं, जाहिरातीत नाचवलं, ते आता ६० वर आणायचं. ज्याचे पैसे घेतले ते सगळं बंद केलं की बॅटरी टिकते!

शेवटी एमजी रोडला एका दुकानात गेले. म्हटलं, बॅटरीच बदला. तो म्हणाला, बॅक पॅनल गोंदाने चिकटवलेलं असतं, गरम करून काढावं लागतं, "मॅडम, काढताना डिस्प्ले गेला तर आमची जबाबदारी नाही." पूर्वीच्या कीपॅडच्या फोनला नखाने झाकण उघडायचं, बॅटरी काढायची, फुंकर मारून परत घालायची. नवी बॅटरी कोणत्याही टपरीवर मिळायची. हे सुख कोणी आणि का काढून घेतलं? युरोपात याच्यावर कायदा झालाय. जून २०२५ पासून तिथे विकायच्या फोनची बॅटरी ८०० चार्जिंग-फेऱ्यांनंतरही किमान ८० टक्के ताकदीची राहिली पाहिजे. फेब्रुवारी २०२७ पासून ती ग्राहकाला स्वतः बदलता यावी असाही नियम येतोय, त्यात पळवाटा आहेत म्हणा. आपल्याकडे फेरी म्हणजे काय हेही कोणी सांगत नाही. शंभर टक्के चार्जिंग खर्च झालं की एक फेरी, मग ते एका दमात होवो की तुकड्यातुकड्यांत. दिवसाला दोनदा शंभर टक्के उडत असतील तर ८०० फेऱ्या चारशे दिवसांत खलास. म्हणजे न बोलावलेली ती अ‍ॅपं आजचं चार्जिंग खातातच, बॅटरीचं आयुष्यही खातात, आणि बिल मात्र माझ्या नावावर.

दुकानदाराने मग काउंटरखालून एक चकचकीत खोकं काढलं. "जुन्यावर कशाला खर्च करता? हा घ्या, यात ६००० एमएएच आहे." मी त्याला म्हटलं, चालू करून दाखवा. केला. सिमकार्ड अजून घातलेलं नव्हतं, आणि लॉकस्क्रीनवर त्याच त्या न मागितलेल्या फोटोंसाठी 'अ‍ॅग्री' दाबा म्हणून खिडकी येऊन उभी!