दोन मोठ्या लढाया हरलेला सरसेनापती

"दोन मोठ्या लढाया हरला, दोन्ही वेळा शत्रूच्या हाती सापडला, आणि तरी सँ-दनीला फ्रान्सच्या राजांच्या रांगेत त्याचं थडगं? हे काही पटत नाही राव," असं म्हणत विन्याने वादाला तोंड फोडलं. विषय होता बर्त्राँ द्यु गेक्लँ. चौदाव्या शतकातला, इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धातला, वायव्येकडच्या ब्रिटनी या संस्थानातल्या दिनाँ गावाजवळच्या एका लहानशा सरदार घराण्यातला, आणि शेवटी फ्रान्सचा सरसेनापती झालेला माणूस.

विन्याचा हिशेब खोटा नाही. 1364 च्या सप्टेंबरात ब्रिटनीत ओरेला लढाई झाली. हा ज्याच्या बाजूने लढत होता तो ब्रिटनीच्या गादीचा दावेदार शार्ल द ब्ल्वा तिथे मारला गेला आणि हा इंग्रज सेनानी जॉन चँडॉसचा कैदी झाला. 1367 मध्ये स्पेनमध्ये नाहेराला पुन्हा तेच. या वेळी समोर इंग्लंडचा युवराज, ब्लॅक प्रिन्स. दोन्ही वेळा प्रचंड खंडणी मोजून सुटका झाली.

"आणि कोशरेल? ते का गाळलंस?" सुजाताने लगेच अडवलं. मे 1364. नवा राजा पाचवा शार्ल, त्याचा रँसचा राज्याभिषेक तीन दिवसांवर आलेला. त्याचा शत्रू, नाव्हार या राज्याचा राजा, त्याचं सैन्य टेकडीवर पक्कं बसलेलं. इंग्रज तिरंदाज त्यांच्याकडे, आणि सेनापती कापताल द ब्युश, त्या काळातला गाजलेला योद्धा. असल्या टेकडीवर चढून जाणं म्हणजे बाणांपुढे छाती काढणं. इंग्रजांविरुद्धच्या आधीच्या लढायांत, क्रेसी आणि प्वातिएला, फ्रेंचांनी नेमकं तेच केलं होतं. द्यु गेक्लँने चढाई केलीच नाही. त्याने माघारीचं सोंग घेतलं, सैन्य नदीकडे वळवलं. वरच्यांना वाटलं, पळाले. ते जागा सोडून खाली उतरले, तसा हा गर्रकन फिरला आणि राखून ठेवलेले घोडेस्वार त्यांच्या बगलेवर घातले. खुद्द कापताल कैद झाला.

"बरं, एक लढाई," विन्या म्हणाला. "पण पुढे 1370 पासून इंग्रजांकडून मुलूख परत मिळवला त्यात अक्कल राजाची. याने फक्त हुकूम पाळला."

खरा वाद इथून पेटला. कारण राजाचं डोकं थोर होतं, हे आम्हाला सगळ्यांनाच मान्य आहे. इंग्रजांशी उघड्या मैदानात मोठी लढाई द्यायचीच नाही, किल्ले आणि शहरं एकेक करून परत घ्यायची, हे धोरण पाचव्या शार्लचंच. अन्याने कापतालचीच पुढची गोष्ट सांगितली. 1372 मध्ये तो पुन्हा सापडला, तेव्हा राजाने खंडणी घेऊन सोडायला साफ नकार दिला. फ्रान्सविरुद्ध पुन्हा शस्त्र उचलणार नाही अशी शपथ घे, मगच सुटका. त्याने घेतली नाही. 1376 मध्ये तो पॅरिसच्या कैदेतच मेला. द्यु गेक्लँला पैसे घेऊन सोडणाऱ्या ब्लॅक प्रिन्सला जे सुचलं नाही, ते या आजारी, गादीवर आल्यावर कधी घोड्यावर बसून लढायला न गेलेल्या राजाला सुचलं.

आतापर्यंत गप्प बसलेले सदाभाऊ बोलले. त्यांचं घर शेतकऱ्याचं, आणि त्यांचा प्रश्न नेहमी तिथूनच येतो. "1373 साली इंग्रज कॅलेहून निघाले ते गावं जाळत, धान्य लुटत थेट बोर्दोपर्यंत गेले. तुमचा सेनापती मागेमागे राहिला, टोळ्या कापत राहिला, पण आडवा गेला नाही. शहरांना तटबंदी होती. खेड्यांना काय होतं? लढाई टाळली म्हणून तुम्ही कौतुक करता, त्याची किंमत कोणी भरली?"

यावर कुणाकडे चटकन उत्तर नव्हतं. ती किंमत खरी होती आणि ती कुणब्यांनीच भरली. पण मला वाटतं, हरलेल्या लढाईचीही किंमत तेच भरत होते. प्वातिएला 1356 मध्ये फ्रान्सचा राजा जाँ पकडला गेला, त्याची खंडणी ठरली तीस लाख सोन्याची नाणी. ती पुरी कधीच भरली गेली नाही, पण जेवढी भरली ती करातूनच. वर 1360 च्या तहात नैऋत्य फ्रान्सचा मोठा मुलूख इंग्रजांकडे गेला, आणि बेकार झालेल्या भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या गावोगाव लुटत सुटल्या. त्याच टोळ्या गोळा करून द्यु गेक्लँ 1365 च्या अखेरीस स्पेनला घेऊन गेला. वाटेत आव्हिन्योंला पोपकडूनही पैसे काढले. उलट 1373 ची ती इंग्रज फौज बोर्दोला पोचली तेव्हा बहुतेक घोडे मेलेले, शिपाई उपाशी, आणि हाती एकही महत्त्वाचं शहर नाही. सदाभाऊंचं समाधान झालं नाही. "जळालेल्या घराला हे सांगून बघ," म्हणाले. मी तेही बाजूला टाकत नाही.

सुजाताने ब्रिटनीचा विषय काढला. तिथे आजही अनेकांच्या लेखी तो फितूर आहे, कारण फ्रान्सच्या राजाने 1378 मध्ये ब्रिटनी खालसा केल्यावरही तो राजाचाच राहिला. 1977 मध्ये त्याच्या जन्मगावचा पुतळा ब्रेतों (म्हणजे ब्रिटनीच्या) फुटीरतावाद्यांनी उडवला. पण खालसा करण्याच्या त्या निर्णयानंतर त्याच्या हाताखालचे ब्रेतों शिपाई त्याला सोडून जाऊ लागले, दरबारातही त्याच्यावर संशय घेतला गेला. म्हणजे दोन्हीकडून बोल त्यालाच.

माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. ऑक्टोबर 1370 मध्ये राजाने सरसेनापतीपद देऊ केलं, तेव्हा तो नको म्हणाला होता, असं इतिवृत्तकार फ्रोआसार लिहितो: मी हलक्या घरचा, राजाच्या भाऊबंदांना हुकूम कसा देऊ? मला वाटतं, हलकं घर हीच त्याची ताकद होती. ज्यांचं सगळं मोठेपण बापजाद्यांच्या नावावर, त्यांना शत्रू समोर असताना पाठ फिरवणं म्हणजे नाक कापल्यासारखं. याला ते ओझं नव्हतं. ब्रिटनीच्या जंगलात वीस वर्षं छापे मारून हा वर आलेला. लाकूडतोड्यांच्या वेशात किल्ला घेतल्याची कथाही त्याचीच. राजाचा हुकूम पाळायला असाच माणूस हवा होता, बाकीच्यांनी तो पाळला नसता.

विन्या इरेला पेटला. "मग 1380 मध्ये राजा आणि हा, दोघं दोन महिन्यांच्या अंतराने वारले, आणि 1415 मध्ये आझँकूरला फ्रेंच पुन्हा चिखलातून इंग्रजांच्या बाणांवर चालून गेले. धोरण राजाचं होतं म्हणून राजाबरोबर गेलं."

पण आझँकूरलाही सरसेनापती होता. शार्ल दाल्ब्रे. त्याचं मत लढाई टाळावी असंच होतं. बडे सरदार ऐकेनात, राजा सहावा शार्ल वेडाच्या झटक्यांत, मागे उभं राहायला कुणी नाही. दाल्ब्रे त्याच लढाईत मारला गेला. "म्हणजे राजा लागतोच," विन्या म्हणाला. लागतो. अर्धं श्रेय राजाला द्यायला मी तयार आहे, त्याहून जास्त नाही.