भात खाली, मासा वर, आणि कालवायचं नाही

मासे-भातावर वाढलेल्या माणसाला जपानमधलं काइसेनडोन, म्हणजे भातावर कच्च्या माशांचे तुकडे मांडलेला वाडगा, सोपं जाईल असं ज्याला वाटतं, त्याच्या पुढ्यात तो वाडगा अजून आलेला नाही. जन्मात मासा न खाल्लेला माणूस निदान बावरून, सांभाळून बसतो. आपला कोकणातला गडी मात्र ‘भात आणि मासेच ना, आणा!’ म्हणत आत शिरतो आणि पाच मिनिटांत त्याची सगळी विद्या उताणी पडते. मासा कच्चा आणि गार. भात कोमट. रस्सा नाही, कोकम नाही, तळणाचा चर्र आवाज नाही. आणि हात स्वच्छ धुऊन बसलं तरी हाताला काम नाही.

टोकियोतला मराठी माणूस बहुधा निशी-कासाईच्या आसपास सापडतो. तिथून तोझाई लाइनने कायाबाचो, तिथे हिबिया लाइन पकडली की दुसरं स्टेशन त्सुकिजी. तिथला मासळीचा घाऊक बाजार २०१८च्या ऑक्टोबरात तोयोसूला गेला, पण बाहेरच्या गल्ल्यांतली दुकानं आणि खानावळी जागेवरच आहेत. त्या पहाटेच उघडतात आणि दुपार कलायच्या आत आवराआवर करतात. रविवारी आणि बऱ्याच बुधवारी बाजाराला सुट्टी. त्यामुळे रविवार म्हणून आरामात उठून, पोहे खाऊन, अकराला निघणाऱ्या कुटुंबाला मुख्यतः शटरं बघायला मिळतात.

किमतीचं म्हणाल तर साधा वाडगा दीड-दोन हजार येनला मिळतो. खेकड्याचे पाय आणि युनी, म्हणजे समुद्री साळिंदराचा नारिंगी गर, वर चढले की आकडा दुप्पट-तिप्पट होतो. पर्यटकांच्या वाटेवर तर असे भाव लागतात की जपानी लोकांनीच त्या वाडग्यांना ‘इनबाउन-डोन’ (‘इनबाउंड’, म्हणजे परदेशी पर्यटक, अधिक ‘डोन’) असं खवचट नाव ठेवलं आहे. फोटोत मासा वाडग्याबाहेर लोंबत असेल तर किंमत दोनदा वाचावी, हा माझा नियम.

बऱ्याच साध्या खानावळींत दाराशीच तिकिटाचं यंत्र असतं. बटणांच्या यंत्रात आधी पैसे, मग बटण, मग चिठ्ठी; उलट क्रम सहसा चालत नाही. जुनी यंत्रं हजाराचीच नोट घेतात, आणि जुलै २०२४मध्ये आलेल्या नव्या नोटा त्यांतली काही यंत्रं जीभ बाहेर काढल्यासारख्या परत करतात. मागे रांग असते. कुणी काही बोलत नाही, तेच जास्त लागतं. वरचं डावीकडचं बटण सहसा दुकानाचा हुकमी पदार्थ असतो. वाचता येत नसेल तर तेच दाबावं आणि बाजूला व्हावं. आणि ‘दोन मागवू, तिघांत खाऊ’ हा आपला राष्ट्रीय तोडगा इथे चालत नाही. माणशी एक वाडगा घ्यावा, अशी पाटीच अनेक ठिकाणी असते.

वाडगा आला की पहिली ऊर्मी येते ती कालवायची. ती गिळावी. वरचे तुकडे रंग, चरबी आणि पोत बघून मांडलेले असतात. ढवळलंत की सगळ्याची एकच चव होते आणि ती कशाचीच नसते. शिवाय खालचा भात कोमट, त्यामुळे गार मासा त्यात पुरला की तापायला लागतो, चरबी सुटते आणि वास उठतो. म्हणूनच फोटोसत्र एका मिनिटात संपवावं आणि दहा-बारा मिनिटांत वाडगा रिकामा करावा. क्रम म्हणाल तर आधी सौम्य (स्क्विड, पांढरा मासा, शिंपल्याचा गर), मग ट्यूना, आणि तेलकट सामन व युनी शेवटी. युनीने सुरुवात केली तर पुढचा बिचारा स्क्विड रबरासारखा लागतो. स्क्विड तसाही चिवटच. त्यावर बारीक चिरा मारलेल्या असतात त्या याचसाठी.

आता सोया सॉस. खरी गफलत इथे होते. आमटी ओतायचा हात बसलेला असतो, म्हणून माणूस भांडं उचलतो आणि भातावर धार धरतो. जपानी भात बुटक्या दाण्याचा, चिकट, म्हणून तर चॉपस्टिकने उचलला जातो. त्यावर सोया पडला की दाणा दाण्यापासून सुटतो आणि मग एकेक शीत वेचत बसावं लागतं. भात शिरक्यातला असेल तर त्यात मीठ-साखर आधीच असते आणि सामनच्या अंड्यांना, म्हणजे इकुराला, सोया मुरवलेलाच असतो. वर आणखी ओतलंत तर दिवसभर पाणी पीत फिराल. म्हणून सोया लहान बशीत घ्यावा. वासाबी (झणझणीत हिरवा लगदा) माशाच्या तुकड्यावर मुगाच्या दाण्याएवढं ठेवावं, तुकड्याचं टोक सोयात बुडवावं आणि भाताच्या घासासोबत खावं. बशीत वासाबी कालवून ते वरून गोल फिरवणारेही पुष्कळ आहेत; ते काही चूक नव्हे, पण एक चमचा पुरे. सोयाच्या भांड्याच्या झाकणावर किंवा खांद्यावर बहुधा एक बारीक भोक असतं. त्यावर बोट दाबलं की धार थांबते, उचललं की सुरू होते. हे माहीत नसलेला माणूस भांडं जोरजोरात हलवतो आणि पुढचं सगळं शर्टावर दिसतं.

वासाबीपुढे ‘आम्ही लवंगी मिरची खाणारे’ ही शेखी चालत नाही. मिरची जिभेवर बसते, वासाबी वाफेसारखं नाकात चढतं. फेसलेल्या मोहरीचा झणका ज्या जातीचा, त्याच जातीचा हा. पाणी पिऊन काही होत नाही. नाकाने श्वास आत घ्यावा, तोंडाने सोडावा. काही सेकंदांत उतरतं. तेवढा वेळ चेहरा जमेल तसा सांभाळावा.

वाडगा उचलून तोंडाजवळ न्यायला पूर्ण मुभा आहे, नव्हे, तेच रीतीला धरून आहे. टेबलावर ठेवून वाकून खाणंच वाईट दिसतं. मात्र अडीचशे ग्रॅम भात, वरचा मासा आणि चिनी मातीचं भांडं मिळून पाऊण किलो सहज भरतं, आणि डाव्या हाताला ही सवय नसते. थकून चॉपस्टिक भातात उभ्या खोचून ठेवू नयेत. ते मृताच्या भाताचं चिन्ह आहे, शेजारचे आजोबा घास घेता घेता थांबतील. चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये तुकडा देणंही तसंच. अंत्यविधीत अस्थी तशा उचलतात. प्रेम दाखवायचं असेल तर बशीत ठेवून दाखवावं.

ज्यांचा कच्च्यावर जीव बसत नाही त्यांनी ऑक्टोपस, खेकडा, अंड्याचे पिवळे चौकोन आणि आनागो (समुद्री वाम) शोधावेत. हे शिजवलेले असतात. ‘आबुरी’ लिहिलेला सामन वरून जाळाने भाजलेला असतो, तीही एक पायरी. शिसोचं, म्हणजे त्या सुवासिक वनस्पतीचं, हिरवं पान खायचं असतं. तयार डब्यातलं हिरवं दातेरी गवत मात्र प्लास्टिकचं असतं, आणि कधीकधी शोभेचं पिवळं फूलही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. हे बघून घरी येऊन ससून डॉकचा ताजा बांगडा कापून भातावर मांडू नका. बांगड्याच्या कुळात अनिसाकिस नावाचा कृमी असू शकतो. तो लिंबाने, व्हिनेगरने किंवा वासाबीने मरत नाही, पोटाच्या अस्तराला मात्र चावतो. तो मरतो उणे २० अंशांत २४ तास गोठवल्यावर किंवा शिजवल्यावर. जपानी लोकसुद्धा सामन पूर्वी कच्चा खात नसत; १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सामन तिथे नेला, त्यानंतर ही गुलाबी चैन सुरू झाली.

काही दुकानांत शेवटी गरम दाशी, म्हणजे बहुधा सुक्या माशाचं आणि समुद्री शेवाळाचं सार, मिळते. त्यासाठी तीन-चार घास भात आणि दोन तुकडे राखून ठेवावेत. दाशी ओतली की माशाच्या कडा पांढऱ्या पडतात आणि चव एकदम घरगुती होते. पूर्ण शिजेल अशी आशा मात्र धरू नये.

राहता राहिला गटातला शाकाहारी. तो प्रत्येक मराठी गटात असतोच आणि त्याला कुणीतरी ‘तिथे काहीतरी मिळेलच’ असं सांगितलेलं असतं. मिसो सूपच्या दाशीत बहुधा मासा. अंड्याच्या वडीत दाशी. गोड तोफूची इनारीही (भात भरलेली तोफूची पिशवी) बहुधा दाशीतच शिजवलेली. काप्पा-माकी, म्हणजे काकडी घातलेली भाताची गुंडाळी, फळ्यावर असेल तर नशीब. नसेल तर साधा भात, लोणच्याचं आलं आणि हिरवा चहा. चहा फुकट असतो, कप रिकामा झाला की पुन्हा भरून देतात.