‘दुर्मिळ नाण्याचा भाव कधीच पडत नाही’ असं लिहिणाऱ्या परभणीच्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल सकाळी परत वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही तळमळीनं लिहिलंय, सोबत आजोबांच्या ११ हाली रुपयांचे (हाली म्हणजे निजामाच्या हैदराबाद राज्यातला चांदीचा रुपया) फोटोही टाकलेत, म्हणून सविस्तरच लिहितो. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लिलावात एकदा मिळालेला भाव म्हणजे नाण्याची कायमची किंमत नव्हे असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. दादांचं म्हणणं असं की दुर्मिळ वस्तू जमिनीसारखी असते, वाढतच जाते, अमेरिकेचं १९३३ चं सोन्याचं नाणं आणि १८०४ चा डॉलर बघा, अन् भाव पडले म्हणून सांगणारी माणसं व्यापाऱ्यांची असतात, गावाकडच्यांकडून स्वस्तात नाणी उचलायची म्हणून असं लिहितात.

हे शेवटचं वाचून वाईट वाटलं. मी नाण्यांचा धंदा करत नाही, हाली जमवतो, एवढंच. पण तुमचा संशय कुठून आला ते कळतंय मला, त्याच्याकडे पुढं येतो.

आधी १९३३ चं नाणं. २० डॉलरचं सोन्याचं नाणं, त्या वर्षाची ४,४५,५०० पाडली होती, पण रूझवेल्ट सरकारनं सोनं चलनातून काढलं आणि ती बाहेर न येताच वितळवली गेली. थोडी निसटली. त्यातलं एकच नाणं खाजगी माणसानं ठेवायला कायद्यानं परवानगी आहे. ते २००२ साली ७५ लाख ९० हजार डॉलरला गेलं आणि २०२१ साली १ कोटी ८८ लाख ७० हजारांच्या पुढं. हे तुम्ही बरोबर लिहिलंय. पण दादा, ही वाढ जवळपास अडीच पट झाली, आणि त्याच १९ वर्षांत साध्या सोन्याचा भाव डॉलरमधे सहा पट झाला! म्हणजे २००२ साली त्या माणसानं तेवढ्याच पैशाची नुसती बिस्किटं घेऊन ठेवली असती तर त्याला जास्त मिळाले असते. अजून एक, २००२ ला हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली ठरली, ती ६६ लाखावर, वरचे १५ टक्के लिलाव करणाऱ्यांचा बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून वर घेतलेली फी. पेपरात आकडा येतो तो प्रीमियम धरून, विकणाऱ्याच्या हातात हातोड्याचा आकडा, त्यातूनही कमिशन वजा. (त्या दिवशी घेणाऱ्याला वर आणखी २० डॉलर द्यावे लागले, कारण ते नाणं सरकारनं कधी चलनात आणलंच नव्हतं, मग त्याची दर्शनी किंमत सरकारला भरून ते कायदेशीर करून घेतलं.) तशीच आणखी १० नाणी २००४ साली एका कुटुंबानं पुढं आणली होती, सरकारनं ती ठेवून घेतली आणि कोर्टातही सरकारच जिंकलं. ती दहा जर उद्या विकायला मोकळी झाली तर पहिल्याचा भाव तसाच राहील असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत.

आता १८०४ चा डॉलर. तुम्ही लिहिलंय की त्याला २०१६ साली १ कोटी ६ लाख डॉलर आले. इथं गडबड आहे. तेवढी बोली लागली होती, पण मालकाची आतली राखीव किंमत त्याहून वर होती, त्यामुळं तो विकलाच गेला नाही. तोच डॉलर, दुसरा नाही तोच, २०२१ ला परत लिलावात आला आणि ७६ लाख ८० हजाराला गेला. १९९९ साली तो ४१ लाख ४० हजाराला गेला होता, म्हणजे २२ वर्षांचा हिशोब केला तर वर्षाला तीन टक्के सुद्धा पडत नाहीत, बँकेत एफडी केल्यासारखं पण नाही. आणि हे कुठलं साधंसुधं नाणं नाही. वर सन १८०४ असलं तरी हे डॉलर पाडले १८३४ च्या सुमारास, परदेशातल्या राजांना भेट द्यायला, त्यातून हा मस्कतच्या सुलतानाकडचा म्हणतात. त्या सनाचे जेमतेम १५-१६ डॉलर जगात माहीत आहेत. एवढ्या दुर्मिळ नाण्याचं असं होतं.

मग असं का होतं, तर माझ्या लेखाचं सगळं म्हणणं इथंच होतं आणि बहुतेक मीच ते नीट मांडलं नाही. मोंढ्यात तुरीचा सौदा होतो तेव्हा एक खरेदीदार आला नाही म्हणून भाव कोसळत नाही, कारण तूर सगळ्यांनाच लागते. नाण्याचं तसं नाही, ते माळेगावच्या यात्रेतल्या घोड्यासारखं. दोन हौशी माणसं एकाच घोड्यावर अडून बसली की आकडा कुठंही जातो, आणि त्यातला एक जण त्या वर्षी यात्रेला आलाच नाही तर तोच घोडा निम्म्यात जातो, घोड्यात काहीच फरक पडलेला नसतो. लिलावात भाव ठरवतो तो दोन नंबरचा माणूस. समजा एक जण ८० हजार द्यायला तयार आहे आणि दुसरा ३० हजारावर थांबला, तर हातोडा ३१ हजारावर पडणार, त्या पहिल्याच्या मनातले ८० हजार कुणाला कधीच कळत नाहीत.

हे मी डोळ्यानं बघितलंय. माझ्या जालन्याच्या मित्राकडं एक मुघल रुपया होता, टांकसाळ खुजिस्ता बुनियाद, म्हणजे आपलंच औरंगाबाद, त्या काळी नाण्यावर शहराचं हे नाव यायचं. त्या रुपयावर टांकसाळीचं नाव पूर्ण आलं होतं, एरवी ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळं अर्धं नाव बाहेरच राहतं. मुंबईच्या लिलावात दोन संग्राहक असे होते की दोघांच्याही यादीत नेमकी तीच टांकसाळ राहिली होती. १२ हजारापासून सुरू झालं, बाकीचे १८-२० ला गळाले अन् मग हे दोघंच, एकमेकांकडं न बघता कार्ड वर करायलेत, ४१ हजारावर हातोडा पडला. मित्राच्या चुलतभावाकडं तसाच रुपया होता, छाप उलट जास्त ठसठशीत, त्यानं दीड वर्षानं मोठ्या आशेनं पाठवला. १६ हजार. कारण पहिल्यातल्या एकाला त्याचा रुपया मिळालेला होता आणि दुसऱ्याच्या घरी मुलीचं लग्न निघालं होतं, तो आलाच नाही. चुलतभाऊ अजून म्हणतो मला फसवलं. त्याला कुणी फसवलं नव्हतं, पण त्याचं दुःख खरं आहे, कारण ४१ हजार धरून त्यानं बोअरचा खर्च मनात मांडला होता.

दुसरं म्हणजे दुर्मिळपणा पण पक्का नसतो. अमेरिकेतच १९०३ चा न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा चांदीचा डॉलर, १९६२ पर्यंत न वापरलेला नग सापडणं मुश्कील, यादीत भाव १,५०० डॉलर. त्या वर्षी सरकारी तिजोरीतून जुनी सीलबंद पोती बाहेर काढली आणि पोत्यांत तेच डॉलर निघाले, भाव काही महिन्यांत तीसच्या आसपास आला. आपल्याकडं तर जमीन अजून बोलते आहे, पैठणला, तेरला शेतात सातवाहनांची नाणी आजही सापडतात. शेतात १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरकडं कळवायचं हा १८७८ चा कायदा अजून लागू आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आणि तुम्ही लंडनच्या भावाचं उदाहरण दिलंय त्यावर एकच सांगतो. १०० वर्षांच्या वरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे तिथल्या नाण्यावर बोली लावणारे वेगळे, इथल्यावर वेगळे. तिथला भाव तुमच्या नाण्याला लावून बघण्यात अर्थ नाही.

आता व्यापाऱ्यांचं. इथं मी तुमच्या बाजूनं आहे. चार जण आधीच ठरवून एकमेकांविरुद्ध बोली लावत नाहीत आणि नंतर आपापसात वाटून घेतात, हे प्रकार होतात, आणि मालकाचाच माणूस गर्दीत बसून भाव चढवतो हेही होतं. म्हणूनच राखीव किंमत लिहून दिल्याशिवाय नाणं पाठवू नये. आणि घरातल्या घरात होणारं नुकसान तर याहून मोठं आहे. २०११ ला चांदी कडाडली, किलोला ७० हजाराच्या वर गेली, तेव्हा आमच्या आईनं आजीच्या डब्यातल्या ३४ हाली एका सराफाकडं मोडल्या. त्यानं वजनावर भाव केला, वर घट म्हणून कापले, आणि ती नाणी त्याच दिवशी मुशीत गेली. आजी त्यांना कधी रुपये म्हणालीच नाही, हाली म्हणायची, अन् इंग्रजांच्या रुपयाला कलदार, सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशोब तिला तोंडपाठ होता. त्या ३४ मधे काय काय होतं ते आता कधीच कळणार नाही, मी एकदा सुद्धा भिंगाखाली धरून बघितली नव्हती. तुमचे फोटो बघताना तेच डोक्यात होतं.

म्हणून तुमच्या नाण्यांबद्दल. सगळ्यांवर चारमिनार आहे. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक उर्दू अक्षर दिसेल, ते ‘ऐन’, हैदराबादचे शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या नावाचं पहिलं अक्षर. तुमच्या फोटोतल्या वरच्या ओळीतलं तिसरं नाणं जरा मोठं करून बघा. बाकीच्यांवर ऐन पूर्ण आहे, खाली शेपटीसकट, याच्यावर मात्र नुसतं वरचं डोकं दिसतंय, अर्धं. निजाम १९११ ला गादीवर आले, त्या सुरुवातीच्या हिजरी १३२९-३० च्या रुपयांवर असं अर्धं ऐन आहे, नंतर पूर्ण केलं. अर्ध्या ऐनचे कमी दिसतात आणि संग्राहक ते मागतात. बाकी दहा नेहमीच्या आहेत, त्यांना चांदीच्या भावापेक्षा थोडंच वर मिळेल, आणि कडेला कडी लावल्याचा डाग असलेलं जे आहे ते दागिन्यातून निघालेलं दिसतंय, त्याला संग्राहक हात लावणार नाही. पण तिसरं नाणं मोडू नका. चिंच, राख, लिंबू काही लावू नका, काळपट आहे तसंच राहू द्या, घासलं की गेलंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही शेवटी लिहिलंय की पुतण्याला व्हिडिओवाल्या माणसानं एका हालीला पाच लाख देतो म्हणलंय आणि आधी ५ हजार नोंदणी फी भरायची आहे. दादा, हात जोडून सांगतो, एक रुपया भरू नका. जुन्या नाण्या-नोटांच्या नावाखाली फी मागणाऱ्यांपासून सावध रहा असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मधे जाहीर केलंय, हे लोक बँकेचंच नाव वापरायलेत. खरा लिलाव करणारा आधी पैसे भरून नोंदणी करा म्हणत नाही, नाणं विकल्यावर त्यातून कमिशन कापतो.

पुढच्या रविवारी मी परभणीला मावशीकडं येणार आहे. तोवर सोनाराच्या काट्यावर तिसरं नाणं तोलून ठेवा, ११.१७ ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे, झिजलेलं असेल तर थोडं कमी. अन् दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो उन्हात काढून टाका, फ्लॅश नको. मी भिंग घेऊन येतो.