प्लेस्टेशन ५ मधला द्रवधातू पुसू नका

काल रात्री भाच्याचा फोन आला. सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस५) या व्हिडिओ गेम कन्सोलची दोन्ही पांढरी झाकणे आणि आतला पंखा काढून तो मला विचारत होता, ‘‘मामा, साधी थर्मल पेस्ट किती लावायची असते?’’ गेले काही आठवडे सर्वत्र फिरत असलेला एक संदेश त्याच्यापर्यंत पोहोचला होता. त्यात म्हटले आहे की, कन्सोल उभा ठेवला की आतला द्रवधातू (चिपची उष्णता बाहेर नेणारा वाहता धातू) गळतो, म्हणून तो पुसून त्याच कामाची साधी पेस्ट लावावी. याच संदेशात पुढे आणखी चार दावे आहेत: ज्याचे टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी गणिती क्रिया होतात, तो आकडा) जास्त तो कन्सोल प्रत्येक खेळात तितकाच अधिक वेगवान असतो. एसएसडीचा (माहिती साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हचा) वेग ही निव्वळ जाहिरात असून कोणतीही ड्राइव्ह चालते. ८२५ जीबी साठ्यापैकी दीडशेहून अधिक जीबी कंपनी चोरते. आणि ८के (४के च्याही वरचा चित्रदर्जा) ही थाप आहे.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. सोनीने ७ ऑक्टोबर २०२० रोजी कन्सोल पूर्ण उघडून दाखवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली आणि यांत्रिक रचनेचे प्रमुख यासुहिरो ओतोरी यांनी तीत प्रत्येक भाग हातात घेऊन समजावला. मुख्य चिप लहान असून अतिशय उच्च वारंवारितेवर (सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांवर) चालते, त्यामुळे तिच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमधून निघणारी उष्णता खूप असते. ती वेगाने हीटसिंककडे (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाकडे) नेण्यासाठी पेस्टऐवजी द्रवधातू निवडला आणि त्याच्या तयारीला सुमारे दोन वर्षे लागली, असे ते तेथे सांगतात. तो सांडू नये म्हणून चिपभोवती बंदिस्त कडा आहे, आणि कन्सोल आडवा व उभा अशा दोन्ही स्थितींसाठी बनवलेला आहे.

आता संदेशातला सल्ला पाळला तर काय होते, ते पाहा. हीटसिंक उचलताच ती बंदिस्त रचना मोडते. असे द्रवधातू सहसा गॅलियमची मिश्रधातू असतात, आणि ते विजेचे उत्तम वाहक असतात. पुसताना त्याचा मोहरीएवढा थेंब जरी शेजारच्या सूक्ष्म घटकांवर राहिला, तरी वीज सुरू होताच बोर्ड निकामी होऊ शकतो. ॲल्युमिनियमला तर गॅलियम आतून पोखरून ठिसूळ करतो. एवढा धोका पत्करून त्या जागी जी पेस्ट लावायची, ती उष्णता कमी वाहते, म्हणजे चिप पूर्वीपेक्षा अधिक तापणार आणि पंखा अधिक ओरडणार. चांगला चालणारा यंत्रभाग बिघडवून त्याला दुरुस्ती म्हणणारा हा सल्ला शाळकरी मुलांपर्यंत पोहोचतो आहे, याचा मला खरोखर संताप येतो.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. पडलेल्या किंवा आधी कोणीतरी उघडलेल्या कन्सोलमध्ये द्रवधातू जागचा हलल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्यांनी दाखवली आहेत, आणि पुढे पीएस५ प्रो या नंतरच्या कन्सोलमध्ये सोनीने तो स्थिर राहावा म्हणून संपर्काच्या जागी बारीक खाचा दिल्या. तेव्हा प्रश्न अगदीच काल्पनिक नाही. मात्र कन्सोल तापून बंद पडत असेल तर तो जाणकाराकडे न्यावा. धडधाकट कन्सोल उघडण्याचे त्यात कोणतेही कारण सापडत नाही.

टेराफ्लॉप्सचा मुद्दा गुणाकारापुरता खरा आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये ३६ संगणन एकके, प्रत्येकात ६४ गणकघटक, प्रत्येक ठोक्याला २ क्रिया आणि कमाल २.२३ गिगाहर्ट्‌झ, म्हणून १०.२८. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्स या प्रतिस्पर्धी कन्सोलमध्ये ५२ एकके आणि १.८२५ गिगाहर्ट्‌झ, म्हणून सुमारे १२.१५. हा आकडा फक्त त्या गणकघटकांची सैद्धांतिक कमाल सांगतो. चित्राचे त्रिकोण ठिपक्यांत उतरवणारे भाग आणि कॅश (चिपमधली छोटी, जलद स्मृती) यांचा वेग वारंवारितेबरोबर वाढतो, आणि तो या गुणाकारात कुठेच येत नाही. प्लेस्टेशन ५ चे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधील आपल्या व्याख्यानात नेमके हेच उदाहरण दिले होते: १ गिगाहर्ट्‌झवरची ३६ एकके आणि ०.७५ गिगाहर्ट्‌झवरची ४८ एकके, दोन्हींचे टेराफ्लॉप्स ४.६, तरीही प्रत्यक्ष कामगिरी वेगळी. सिरीज एक्सची स्मृतीही १० जीबीपर्यंत सेकंदाला ५६० जीबी वेगाची आहे, प्लेस्टेशन ५ ची सर्व १६ जीबी सेकंदाला ४४८ जीबी वेगाची. सिरीज एक्सला काही बाबतींत आघाडी आहे, हे मी नाकारत नाही. १२.१५ आणि १०.२८ यांत अठरा टक्के फरक आहे म्हणून प्रत्येक खेळातही सरसकट अठरा टक्के, हे मात्र चूक आहे.

‘कोणतीही ड्राइव्ह चालते’ हे वाचून लोक पैसे वाया घालवतील. सर्नी यांच्याच व्याख्यानानुसार आधीच्या पीएस४ कन्सोलच्या हार्ड डिस्कवरून १ जीबी माहिती येण्यास सुमारे २० सेकंद लागत, तर प्लेस्टेशन ५ साठी २ जीबी पाव सेकंदाच्या आसपास आणण्याचे लक्ष्य होते. त्यासाठी ५.५ जीबी प्रतिसेकंद वेगाची एसएसडी आहे आणि दाबलेली माहिती उलगडणारा स्वतंत्र घटकही आहे, ज्याचे काम प्रोसेसरवर टाकले असते तर झेन २ प्रकारचे नऊ गाभे (कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली स्वतंत्र गणनकेंद्रे) लागले असते. या कन्सोलमध्ये गाभेच आठ आहेत. म्हणून वाढीव साठ्यासाठी चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची, एम.२ आकाराची एसएसडी हीटसिंकसह लागते आणि ५,५०० एमबी प्रतिसेकंद वेगाची शिफारस आहे. यूएसबी ड्राइव्हवर पीएस५ चे खेळ ठेवता येतात, तेथून खेळता येत नाहीत.

साठ्याचे म्हणाल, तर मूळ कन्सोलमध्ये वापरासाठी सुमारे ६६७ जीबी मिळतात, उरलेली जागा कार्यप्रणाली आणि राखीव भाग घेतात. फोनमध्येही असेच असते. ८के बद्दलची तक्रार बरीचशी रास्त आहे. सुरुवातीच्या खोक्यांवर ते छापले होते, नंतर काढले गेले, आणि त्या दर्जाचे खेळ जवळपास आलेच नाहीत.

भाच्याने सुदैवाने हीटसिंकच्या स्क्रूंना हात लावला नव्हता. ओतोरी यांच्या त्याच चित्रफितीत झाकणाखाली धूळ साठण्यासाठी केलेले दोन कप्पे दिसतात, ज्यांतली धूळ व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घेता येते. त्याने पंखा परत बसवला, ती धूळ काढली आणि झाकणे लावली.